खिडकीजवळच्या टेबलाचं शून्य

माझी आत्या माणसांनी केलेली मदत मोजायची. हेच तिचं काम होतं, पगारी. "तुझी आत्या काय करते?" असं कुणी विचारलं की मी आधी "शिक्षणशास्त्र विभागात असते" एवढं सांगून सुटायला बघायचे. समोरचा चिवट निघाला तर मात्र सगळं सांगावं लागायचं. गटागटानं शिकणारे विद्यार्थी एकमेकांना आपण होऊन किती मदत करतात, ते ती वर्गाच्या कोपऱ्यात बसून मोजते. यावर समोरचा हमखास हसायचा. माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, जेवताना म्हणायचे, "ताई, एकदा आपल्या घराचा पण तक्ता लाव." लगेच आई म्हणायची, "नका लावू वन्सं. ह्यांच्या नावापुढे काय भरायचं ते मला पाठ आहे."

आत्या या चेष्टेला हसायची, पण घरी कधी कुणाचं काही मोजायची नाही. ताट उचललं काय, नाही उचललं काय. कामाचं कामाच्या जागी.

विभागात ती लागली ती टायपिस्ट म्हणून. दुसऱ्यांचे प्रबंध टाइप करता करता तिला तक्ते वाचायची गोडी लागली, मग तक्त्यांमागचं गणित. बाहेरून परीक्षा देऊन ती संशोधन सहायक झाली आणि तिथेच राहिली. तिची खोली जिन्याखाली होती आणि दारावर अजूनही 'साहित्य कक्ष' अशी पाटी होती, कारण पूर्वी तिथे नकाशे आणि खडू ठेवत. तिनं केलेल्या कामावर छापील नावं इतरांची असत. याबद्दल ती कुरकुर करत नसे. पण मदत मोजायची मोजपट्टी तिची स्वतःची होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिनं बनवलेली. निवृत्तीच्या आत मोजपट्ट्या तपासणाऱ्या समितीनं ती मान्य केली, तर ती तिच्या नावानं छापली जाणार होती आणि जिथे जिथे गटानं शिकवतात तिथे वापरली जाणार होती. त्यासाठी एक शेवटची चाचणी उरली होती. एका संस्थेतल्या शिवणकामाच्या वर्गाची.

या मोजणीला दोन निरीक्षक लागतात. दोन कोपऱ्यांत बसायचं, एकमेकांकडे बघायचं नाही, आणि तास संपल्यावर दोघांचे कागद ताडून बघायचे. जुळले तर खरं. तिची नेहमीची जोडीदार बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि मी नुकतीच एम.ए. होऊन घरी बसले होते. साहित्यात एम.ए. झालेल्या मुलीला यातलं काय येणार, असं विभागप्रमुखांनी माझ्यासमोरच विचारलं. सरांचा स्वभाव मोकळा होता, त्यात टोमणा नव्हता.

"बघता येतं तिला," आत्या म्हणाली.

"आणि?"

"आणि बघितल्या बघितल्या अर्थ लावायचा नाही. तेवढं मी शिकवीन."

तिनं शिकवलं ते असं. कपडे फिके घालायचे, म्हणजे कुणाची नजर आपल्यावर अडकत नाही. पेन्सिल मऊ घ्यायची, कागदावर आवाज होत नाही. सुरुवातीचे तास काहीच लिहायचं नाही, वर्गाला आपला कंटाळा येऊ द्यायचा. कंटाळा आला की ते आपल्याला विसरतात आणि मग खरे वागतात. कुणाकडे बघून हसायचं नाही, कारण आपण हसलो की ती शाबासकी होते आणि पुढची मदत आपल्यासाठी केली जाते.

हे ती ठेच खाऊन शिकली होती. खूप आधी एका वर्गात कसं कोण जाणे फुटलं, की कोपऱ्यातल्या बाई मदत मोजतात. त्या दिवशी वर्गात मदतीचा नुसता पूर आला. जो तो शेजाऱ्यावर तुटून पडला. एक मुलगा एका मुलीला तेच गणित पुन्हा पुन्हा समजावत होता आणि दर वेळी तिरक्या डोळ्यानं आत्याकडे बघत होता. शेवटी ती मुलगी म्हणाली, "कळलं रे बाबा, आता जा." आत्या हे सांगताना अजून हसायची. पण त्याच रात्री तिनं मोजपट्टीत आपला सर्वांत आवडता नियम घातला होता: मदत झाली की नाही हे मदत घेणाऱ्यानं सांगायचं. निरीक्षकानं पेन्सिलीनं खूण करायची. तास संपल्यावर त्या माणसाला बाजूला घेऊन हळूच विचारायचं, की मघाशी जे झालं त्यानं तुला मदत झाली का? तो हो म्हणाला तर पेन्सिलीच्या खुणेवर शाई फिरवायची. नाही म्हणाला तर खोडून टाकायची. देणाऱ्याच्या मनात काय होतं, ते कुणाला मोजता यायचं? ज्याच्यापर्यंत ती पोचली, त्याला विचारा. हा नियम सांगताना तिचा आवाज जरासा वर चढायचा. तिच्या सगळ्या कामाचा कणा तो होता.

शिवणकामाचा वर्ग एका लांबट हॉलमध्ये भरायचा. प्रत्येक टेबलाला चार यंत्रं, चार माणसं, आणि मधोमध दोऱ्याच्या रिळांचा एक ट्रे, प्रत्येक रंगाची चार रिळं. टेबलानं मिळून शिकायचं आणि गुण मात्र ज्याचे त्याला. शिकवणारे कटिंगमास्तर गळ्यात टेप घालून फिरायचे आणि कुणाची शिवण वाकडी दिसली की म्हणायचे, "वा, नदी काढलीत. आता एक होडीपण काढा."

बाकीच्या टेबलांवर आमच्या पेन्सिली भरभर चालायच्या. कुणी कुणाचं खालच्या दोऱ्याचं बॉबिन भरून देत होतं, कुणी गळा कसा वळवायचा ते स्वतःच्या कापडावर करून दाखवत होतं. खिडकीजवळच्या टेबलावर मात्र काही घडतच नव्हतं. तिथे चौघं होते. एक मुलगी सतत तोंडात टाचण्या धरून असायची, म्हणून तिला सगळे टाचणीच म्हणत. तिच्या शेजारी एक उंच मुलगा, लांबू, ज्याचे गुडघे यंत्राखाली मावायचे नाहीत. तिसरी नुकतं लग्न झालेली, तिचं नाव वर्गानं सूनबाई ठेवलं होतं, कारण सासूचा फोन आला की ती उभी राहून बोलायची. आणि चौथे मामा. त्यांचं वय या तिघांच्या बापाचं. आयुष्यभर मालमोटारींवर पोती चढवली, पाठ गेली, आणि आता बसून करायचं काम शिकायला आले होते. त्यांचे हात कुदळीच्या दांड्यासारखे होते आणि त्या हातांतून निघणारी टीप इतकी सरळ असायची की मास्तरसुद्धा काही न बोलता पुढे जायचे.

चौघांचंही काम सुरेख. पण हे टेबल एकमेकांशी कामाचं बोलतच नसे. कुणी कुणाला काही देत नसे. दोरा हवा असला की ट्रेमधून घ्यायचा, काम झालं की लगेच जिथल्या तिथे परत ठेवायचा. ट्रेमधलं रिळांचं स्थान कधी बदलत नसे. पांढरी, काळी, तपकिरी, मग हिरवी, मग निळी. दुसऱ्या टेबलांवर रिळं लोळत असायची, इथे शिस्त. मी आत्याला म्हटलं की यांच्यात जिव्हाळा नाही, नुसता टापटीपपणा आहे. आत्यानं मला आठवण करून दिली की आपण अर्थ लावायचा नाही. पण तिच्या कपाळावर आठी होती. सर्वांत चांगलं काम करणारं टेबल आणि मदतीपुढे शून्य, हे तिच्या मोजपट्टीला परवडणारं नव्हतं. समिती म्हणणार, मग तुमची पट्टी मोजते तरी काय?

त्या दिवशी कोटाचा खिसा होता. तपकिरी कापड, तपकिरी दोरा, आणि वरून दिसणारी दुहेरी टीप. याचे गुण धरले जाणार होते. तास सुरू व्हायच्या आधी शेजारच्या टेबलावरच्या कुणीतरी खिडकीजवळच्या ट्रेमधून रिळं उसनी नेली आणि घाईत परत ठेवताना तपकिरी आणि हिरव्यांची अदलाबदल केली. हे मी पाहिलं होतं. त्यात पाहण्यासारखं काही आहे, हे मात्र मला तेव्हा कळलं नव्हतं.

मामांचं तोंड खिडकीकडे असायचं, बाकी तिघांकडे पाठ. त्यांनी न बघता हात मागे नेला, नेहमीच्या जागेवरचं रीळ उचललं, ओवलं आणि टीप मारायला सुरुवात केली. यंत्राचा आवाज एकसारखा, शांत. तपकिरी कापडावर हिरवी टीप उमटत गेली. गवताच्या पात्यासारखी हिरवी. आणि मामा तिच्याकडे बघत होते. डोळे बारीक करून, अगदी लक्ष देऊन बघत होते, आणि त्यांना ती दिसत नव्हती.

पहिल्यांदा टाचणीनं मान वर केली. तिचा स्वतःचा खिसा जवळजवळ पुरा झाला होता, तोही तपकिरी, कारण तिनं रीळ बघून घेतलं होतं. तिनं मामांच्या कापडाकडे पाहिलं, मग ट्रेकडे, मग लांबूकडे. लांबूनं सूनबाईकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही. मास्तर हॉलच्या पलीकडच्या टोकाला होते आणि एकेक टेबल बघत इकडे यायला निघाले होते.

टाचणीनं तोंडातल्या टाचण्या काढून मेजावर ठेवल्या. मग लहान कात्री घेतली आणि स्वतःच्या खिशाची तपकिरी टीप उसवायला लागली. नीट, टाका टाका करून, कापड ओढलं जाणार नाही अशी. मग हिरवं रीळ. तिचं बघून लांबूनं उसवलं. सूनबाईचा खिसा पूर्ण झाला होता, इस्त्रीसुद्धा झाली होती. तिनं तो क्षणभर हातात धरला, अंगठा फिरवला त्यावरून. आणि उसवला.

माझी पेन्सिल हातात तशीच होती. हॉलमध्ये नेहमीचा गोंगाट चालू होता, कुणीतरी मास्तरांची नक्कल करत होतं. आणि त्या सगळ्याच्या मध्ये तीन माणसं आपलं बरोबर काम मोडून चूक शिवत होती. घाईनं, पण सुबक. चूकसुद्धा चांगली शिवत होती.

मास्तर आले. चार खिसे, चार हिरव्या टिपा. "काय हे? हिरवी टीप? पालवी फुटली काय कोटाला?"

हिरवी हा शब्द त्यांनी मोठ्यानं उच्चारला तेव्हा मामांचा चेहरा मी पाहिला. रक्त उतरलं त्यावरचं. त्यांनी आपला खिसा हाताखाली ओढून घेतला. तेवढ्यात मास्तरांनी बाकीचे तीन त्यांच्यासमोर टाकले आणि म्हणाले, की चौघांनाही एकाच वेळी दिसेनासं झालं की काय. लांबू मान खाली घालून म्हणाला की ट्रेमध्ये रीळ तिथेच होतं, आम्ही बघितलंच नाही. मास्तरांनी चौघांचेही गुण कापले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

मामांनी तिन्ही खिसे पुन्हा एकदा उलटून पाहिले. हळूहळू त्यांचा चेहरा जागेवर आला. मग ते मोठ्यानं हसले. "म्हणजे चौघंही आंधळे," ते म्हणाले. "बरं झालं बाबा, मला वाटलं माझंच वय झालं."

"वय तुमचं, मामा, आणि गुण आमचे गेले," टाचणी म्हणाली आणि टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या.

तास संपल्यावर आम्ही बाहेरच्या व्हरांड्यात कागद ताडायला बसलो. आत्यानं विचारलं, माझ्याकडे काय आहे. मी म्हटलं, काही नाही, कुठल्या ओळीत घालायचं ते कळेना. तिनं तिचा कागद पुढे केला. खिडकीजवळच्या टेबलाचा रकाना तिचाही कोरा होता.

"जुळले," ती म्हणाली. 

चालत घरी येताना तिनं एकेक धागा लावला. मामांना रंग ओळखता येत नाहीत, निदान तपकिरी आणि हिरवा तरी. प्रवेशाच्या वेळी डोळ्यांबद्दल विचारतात, तिथे त्यांनी काही दोष नाही असं लिहून दिलं असणार, कारण खरं सांगितलं असतं तर त्यांना यंत्रावर बसवलंच नसतं, घडी घालायला पाठवलं असतं. टेबलावरच्या तिघांना ते कधीतरी कळलं. त्यांनी मामांना विचारलं नाही. कदाचित एकमेकांशीही बोलले नाहीत. फक्त ट्रेमधली रिळं हलायची थांबली. आपण ज्याला टापटीप समजत होतो ती दिवसभर, सतत चाललेली मदत होती, आणि ती घेणाऱ्यालाही आपण घेतोय हे माहीत नव्हतं. आणि आज तिघांनी स्वतःच्या चुका शिवल्या त्या मामांना दिसूही शकत नव्हत्या. तो माणूस जन्मात कधी आभार मानणार नाही, याची पूर्ण खात्री असताना त्यांनी ते केलं.

आत्या रस्त्याच्या कडेला थांबली. "एवढी वर्षं मी बसते कोपऱ्यात," ती म्हणाली, "पण असं नव्हतं पाहिलं गं." तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

विभागप्रमुखांना तिनं नाव न घेता सांगितलं, पण सरांपासून टेबल कसं लपणार? सरांचे डोळे चमकले. ते म्हणाले की हे तर सोनं आहे. पट्टीत एक ओळ वाढवा, 'दुसऱ्याची चूक स्वतःवर घेणे', पेन्सिलीची खूण करा, नियमाप्रमाणे त्या गृहस्थांना विचारा आणि शाई फिरवा. शून्य गेलं, समिती खूश, पट्टी तुमच्या नावानं छापून येईल.

"विचारता येणार नाही सर," आत्या म्हणाली.

"अहो बाई, एक प्रश्न. तुमचाच नियम आहे."

"तो प्रश्न विचारला की त्यांना कळेल. आणि कळलं की त्या तिघांनी केलेलं उसवलं जाईल."

"मग त्या तिघांना विचारा."

"त्या तिघांनी एकमेकांनासुद्धा विचारलेलं नाही."

सर खुर्चीत मागे टेकले. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, की असं असेल तर ते टेबल वगळू या, गडबडलेलं टेबल म्हणून. हे ते तिच्यासाठीच सांगत होते, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. तिचं नाव एकदा तरी छापलेलं दिसावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण आत्या म्हणाली की त्या हॉलमधली सर्वांत मोठी मदत ज्या टेबलावर झाली, तेच वगळून मदतीचा अहवाल कसा द्यायचा?

तिनं अहवाल लिहिला. खिडकीजवळच्या टेबलापुढे शून्य ठेवलं आणि खाली लिहिलं: 'या टेबलावर मदत झाली आहे. ती या पट्टीनं मोजता येत नाही. तपशील देता येत नाही.' समितीत त्या संस्थेचे प्राचार्य होते. आणखी एक वाक्य लिहिलं असतं तरी मामा उघडे पडले असते.

समितीसमोर मी तिच्यामागे कागद घेऊन बसले होते. अध्यक्षीणबाई वयस्क आणि नेमक्या होत्या. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, की मोजपट्टीच जर सांगायला लागली की मला मोजता येत नाही, तर आम्ही मान्य काय करायचं?

"कुठपर्यंत मोजता येतं, तेवढं मान्य करा," आत्या म्हणाली. "त्याच्या पुढेही काहीतरी आहे, हे पट्टीनं सांगितलं पाहिजे."

"पुरावा?"

"नाही देणार."

'देऊ शकत नाही' असं ती म्हणाली नाही.  समितीनं तिला वाईट वागणूक दिली नाही. चर्चा झाली, कुणीतरी कौतुकही केलं, आणि शेवटी ठरलं ते असं, की आणखी एक वर्ष दुसऱ्या वर्गांवर चाचणी घ्यावी आणि मग पुन्हा आणावं. त्या एका वर्षाच्या आत आत्या निवृत्त होणार होती. पुढचं काम विभाग करणार, नाव विभागाचं लागणार.

सरांनी जिन्यात तिला गाठलं. ते तिच्याहून जास्त खट्टू झाले होते. आत्यानंच त्यांची समजूत काढली, की अहो सर, बाळंतिणीला परत आल्यावर काम नको का? ती करेल पुढचं. चांगली आहे, फक्त पेन्सिल फार दाबते.

त्या सत्राचे काही तास अजून शिल्लक होते आणि ते भरायला हवेत, म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा शिवणवर्गात गेलो. वाटेत मी तिला विचारलं, की एवढं करून काय मिळालं? सोपं होतं ते. एक प्रश्न. मामांना वाईट वाटलं असतं, पण आयुष्यभराचं तुझं काम उभं राहिलं असतं. रागानं नव्हतं विचारलं मी. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

तिनं रस्ता ओलांडला, पलीकडच्या फुटपाथवर चढली आणि मग म्हणाली, "अगं, मी मोजायला बसले नसते तर मला ते दिसलंच नसतं. मास्तर रोज तिथून जातात, त्यांना दिसलं का? मामांच्या पाठीमागे झालं, त्यांना दिसलं का? पूर्ण हॉलमध्ये ते फक्त आपल्या दोघींना दिसलं." थोडं चालून पुन्हा थांबली. "आता आणखी काय मिळायचं राहिलं?"

वर्गात त्या दिवशी बाह्या होत्या. मी माझ्या कोपऱ्यात बसले, ती तिच्या. खिडकीजवळ टाचणी, लांबू, सूनबाई आणि मामा आपापल्या यंत्रावर वाकले होते. कुणी कुणाशी बोललं नाही, कुणी कुणाला काही दिलं नाही. मास्तर आले, मामांची बाही उलटसुलट करून बघितली आणि न बोलता पुढे गेले. मामांनी मागे न वळता मान डोलावली, नुसतीच, कुणालाच उद्देशून नसलेली.

नियम मोडून मी एकदा आत्याकडे पाहिलं. तिची पेन्सिल मांडीवर आडवी पडली होती, आणि ती त्या टेबलाकडे बघत होती.